राहुटीवाले कदमभिया

सकाळी सहाला कदमभिया थाळी बडवायचे. पितळेची जुनी, काठाला चेपलेली थाळी आणि हातात पळी. तलावाच्या काठाने त्यांच्या पाच राहुट्या होत्या. प्रत्येक राहुटीपुढे उभं राहून ते आतल्या एकेका माणसाचा आवाज मागत. एकाने सगळ्यांच्या वतीने ‘उठलो, उठलो’ म्हटलेलं चालत नसे. आत चार माणसं असतील तर चार आवाज हवेत. सुटी घालवायला इंदुराहून आलेली, शेकोटीपाशी घसा बसेपर्यंत गाणी म्हणून झोपलेली ती मंडळी; ती काय बोलत असतील ते मी लिहीत नाही. एकदा एका तरुणाने आतून अशी शिवी हासडली की मी चहाचा कप खाली ठेवला. भिया शांतपणे म्हणाले, “एक आवाज आला. दूसरे साहब? गाली दो, चलेगा.” दुसऱ्यानेही दिली. “आवाज आला,” भिया म्हणाले. “पुढे.” आणि पुढच्या राहुटीकडे वळले.

“असं रोज शिव्या खाऊन वाईट नाही वाटत?” मी एकदा विचारलं होतं. “छे हो, ताई. सकाळी सकाळी शिवी दिली म्हणजे माणूस उठला. मला त्याहून गोड काही ऐकू येत नाही.”

कदमभियांच्या हातून माझा भाऊ गेला. भाऊ आणि लग्नाला दोनच महिने झालेली त्याची बायको. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी भियांचं कौतुक करायला लागले तर कुणाची फसगत व्हायला नको. आणि त्यानंतर जवळजवळ दर जानेवारीत मी धारहून निघून, इंदूर-बागली करत, त्या डोंगरावरच्या तलावापाशी जाऊन त्यांच्याच राहुटीत दोन दिवस राहत आले. बाई वेडी आहे असं वाटेल. वाटू दे.

बागलीच्या पुढे माळव्याचं पठार संपतं आणि घाट खाली नर्मदेकडे उतरतो. त्या तोंडाशीच हा तलाव. तिन्ही बाजूंनी साग, चौथ्या बाजूला दगडी पाळ. एक हातपंप, पत्र्याचे दोन संडास, वीज नाही. अशा जागी येऊन राहण्याची हौस लोकांना असते हे भियांनी फार आधी ओळखलं, कारण तंबू हा त्यांच्या घरचाच धंदा. देवासच्या दरबारात त्यांच्या पणजोबांकडे फरासखाना होता, म्हणजे तंबू, कनाती, जाजमं यांचं खातं. दरबार गेला, खातं गेलं, पण भियांच्या तोंडातून ‘टेंट’ हा शब्द काही निघाला नाही. “राहुटी म्हणावं, ताई. टेंट लग्नाचा असतो.” पाहुणा आला की कमरेत वाकून “यावं, यावं, राहुटी आपलीच,” म्हणत. उंच, हाडकुळा माणूस, कानाला मफलर, पायांत पोराच्या शाळेचे असावेत तसे पांढरे बूट. बायको देवासला मुलीपाशी असे. “राहुटीतला पाहुणा गारठला असता तर आमच्या पणजोबांची मान गेली असती,” हे ते पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. विनूलाही ऐकवलं असणार.

विनू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याची बायको मेधा मूळची रत्नागिरीकडची; हरभरा जाळून टाकणारी आमच्याकडची थंडी तिने कधी पाहिली नव्हती. दोघं मोटारसायकलवरून गेले. संध्याकाळी भियांनी गोवऱ्यांच्या आरावर बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, भाजले, तुपात बुडवून वाढले. जेवतानाही मेधाचे दात वाजत होते. मग भियांनी कोळशाची शेगडी पेटवली. मेधाच्या डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून ती अर्धा तास बाहेर ठेवली, वारा घातला, निखारे लाल होऊन धूर पार गेल्यावर मग आत नेली. वारा शिरू नये म्हणून राहुटीच्या फटींत गोणपाट खोचलं. एवढी काळजी सख्ख्या आईने घेतली नसती.

धूर गेला की भय गेलं, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. पण कोंडलेल्या जागेत कोळशातून जो विषारी वायू निघतो त्याला धूर नसतो आणि वासही नसतो. हे मला माहीत होतं. मी धारच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवत होते, दर वर्षी हेच फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेत होते. घरी कधी कुणाला सांगितलं नाही. घरी कोण फळ्यावरचं बोलतं?

सकाळी सातला भियांचा चहा तयार होता. त्यांनी हाक मारली नाही. नवं जोडपं; त्यांच्या दारापुढे खाकरायचंसुद्धा नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. आठला चहा पुन्हा तापवला. नऊला तिसऱ्यांदा. साडेनऊला पाळीवर उन्हं आली तेव्हा त्यांनी राहुटीचं दार सोडलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा भिया अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायांवर पडले. अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. आयुष्यभर त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी भियांना दोन्ही हातांनी उठवलं आणि म्हणाले, “आपला काही दोष नाही. आपण पाहुणचार केलात.” पोलिसांनाही तेच सांगितलं. परतीच्या जीपमध्ये, मागे ते दोघं चादरीत, आणि अण्णा मला दटावतात, “त्या माणसाला आपल्या घरातून एक वाकडा शब्द जाता कामा नये. ऐकलंस?” ऐकलं. तीन वर्षांनी अण्णा गेले, तरी मी ऐकतच राहिले.

पहिल्या वर्षी मी गेले ती खरं म्हणजे भांडायलाच. घरी शाळेची सहल म्हणून सांगितलं. जाऊन बघते तर शेगड्या एकजात फोडून पाळीखाली फेकलेल्या, आणि हा माणूस थाळी बडवत फिरतोय. पाहुणे फिरकत नव्हते, तेव्हा रिकाम्या राहुट्यांपुढेही बडवत होता. त्यांनी मला दगडावर घोंगडी घालून बसवलं, चहा दिला आणि हात बांधून समोर उभे राहिले.

“बोला, ताई.”

चार तास बसमध्ये घोकत आलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, “चहात साखर कमी आहे.”

ते साखर घेऊन आले. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, “बोला, ताई.” मी म्हटलं, “घाटातला रस्ता फारच उखडलाय.” तिसऱ्या वर्षी काय म्हटलं ते आठवत नाही, माकडांबद्दल काहीतरी असेल. ते दर वेळी मान हलवत आणि कामाला लागत. एकदाच म्हणाले, “अण्णासाहेबांनी मला माफ केलं, ताई. शिक्षा भोगून सुटतो माणूस. माफ केलेल्याने कुठे जावं?” मी हातपंपावर जाऊन कप विसळला. माझी जीभ शाळेत एवढी चालायची की इन्स्पेक्टर टरकायचे, आणि या एका माणसापुढे ती अण्णांसारखी सभ्य व्हायची. घरी येऊन मात्र आठवडाभर भांडी आपटायची.

हळूहळू लोक पुन्हा येऊ लागले. एका वर्षी मी असताना उज्जैनचे एक व्यापारी म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते. शेकोटी विझत आली तशी भियांनी सगळ्यांना बजावलं, निखारे आत न्यायचे नाहीत. व्यापारी ‘हो हो’ म्हणाले, आणि भियांची पाठ वळताच लोखंडी तसल्यात, म्हणजे घमेल्यात, निखारे भरून आत घेऊन गेले. थोड्या वेळाने भियांना राहुटीच्या कापडावर आतून लालसर उजेड दिसला. त्यांनी हाक मारली, आतून उत्तर आलं नाही. बहुधा ते हसू दाबत असावेत. भियांनी विळा घेतला आणि राहुटीची मागची बाजू वरपासून खालपर्यंत टर्रकन फाडली. आत शिरून ते घमेलं उचललं, हात भाजला तरी सोडलं नाही, तलावात फेकलं. व्यापाऱ्याने बाहेर येऊन भियांच्या कानाखाली वाजवली. आम्ही सगळे बघत होतो. भिया म्हणाले, “राहुटी फटी तो सिल जाएगी, साहब.” एवढंच. मग स्वतःची रजई आणून म्हातारीच्या अंगावर घातली, बाटलीत गरम पाणी भरून तिच्या पायांशी ठेवलं. सकाळी थाळी वाजली तेव्हा आतून म्हातारी कडाडली, “सत्यानास हो थारो!” भियांचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. “आवाज आला, माँसाब!”

त्या दुपारी आम्ही दोघं ती फाटलेली राहुटी शिवत बसलो. त्यांच्या हाताला फडकं गुंडाळलेलं, म्हणून दाभण माझ्याकडे आणि कापड ताणून धरायचं काम त्यांच्याकडे. तीन-चार हात शिवून झालं असेल. भिया कापडाकडे बघतच बोलले, “ताई, एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पोलिसांनाही नाही. दार सोडलं तेव्हा विनायकराव गार होते. वहिनीसाहेबांचं अंग कोमट होतं.”

दाभण माझ्या बोटात गेलं.

“सातला हाक मारली असती, तर…” ते म्हणाले. “बोला, ताई. आता तरी.”

मी बोटातून रक्त चोखलं. “दोरा संपलाय,” म्हटलं. दोरा संपला नव्हता. माझ्या मांडीवर अख्खं रीळ होतं आणि त्यांना ते दिसत होतं. संध्याकाळच्या बसने मी परत आले आणि त्यानंतर दोन वर्षं गेले नाही. जानेवारी आला की ताप आल्यासारखं व्हायचं. कोमट, हा शब्द मला स्वयंपाकघरातही सहन होईना.

यंदा पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. पोटाचा कॅन्सर, शेवटचं सुरू आहे, देवासच्या दवाखान्यात ठेवलंय. “बाबा सारखं विचारतात, धारच्या ताई आल्या का.” मी गेले. ही ते जाण्याच्या चार दिवस आधीची गोष्ट.

दुपारची वेळ, वॉर्डात सोळा खाटा, प्रत्येक खाटेशी नातेवाइकांचे डबे आणि पिशव्या. भियांचा नुसता हाडांचा सापळा उरला होता. मला बघताच उठू लागले. “यावं, यावं… अगं, ताईंना बसायला दे.” मुलीने स्टूल दिलं आणि ती औषधं आणायला खाली गेली. मी पिशवीतून मोसंबी काढून ठेवली. त्यांनी रजईखालचे हात बाहेर काढले, छातीवर बांधले. पूर्वी पाळीवर माझ्यापुढे उभे राहायचे तसे.

“बोला, ताई.”

‘तब्येत कशी आहे,’ हे माझ्या तोंडात तयार होतं. शप्पथ सांगते, तेच म्हणणार होते. पण त्या माणसाच्या डोळ्यांत मी बघितलं आणि मला कळलं की याला आता पुढचा जानेवारी नाही.

“मेल्या!” मी म्हणाले. “माझा भाऊ मारलास तू! माझा विनू मारलास! आग लागो तुझ्या पाहुणचाराला! चहा काय तापवत बसलास, मुडद्या, तीन-तीनदा? एक हाक मारता आली नाही? एक! खाकरला असतास तर तुझ्या पणजोबाचं काय जात होतं? कोवळी पोर होती रे, रत्नागिरीहून आलेली, जिवंत होती, तू बाहेर कप मांडत होतास आणि ती आत…”

सोळा खाटांवरची माणसं उठून बसली. नर्स धावत आली, “मॅडम, धीरे, पेशंट है,” म्हणत माझा दंड धरू लागली. मी तो झटकला. अण्णांना आयुष्यात प्रथमच मी मनातून दूर केलं होतं आणि आता थांबणं माझ्या हातात नव्हतं. भियांना बोलायचं संपलं आणि तोंडातून स्वतःचं येऊ लागलं. मला माहीत होतं रे, मी म्हणत होते, नववीच्या पोरांकडून पाठ करून घेत होते मी, बंद खोलीत कोळसा ठेवू नये, दर वर्षी प्रश्न टाकत होते परीक्षेत, आणि माझा भाऊ निघाला तेव्हा मी त्याला काय म्हटलं, तर स्वेटर घे! पदराने तोंड दाबून मी रडत होते आणि तरी बोलत होते.

मग बघितलं तर भियांचे डोळे मिटलेले. बांधलेले हात सुटून बाजूला पडलेले. मी वाकून त्यांच्या तोंडापाशी कान नेला.

“आवाज आला,” कदमभिया म्हणाले. आणि पुष्कळ वेळाने, दम गोळा करून, “पुढे.”