कार्डावरून कमी केलेली दोन नावं

…तर तालुक्याच्या कचेरीतल्या त्या कारकुनानं खणातून लाल शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि आपला भटू बाकावरून ताडकन उठला.

"साहेब, लाल नको. निळ्यानं मारा ना रेघ."

कारकून हसला. माणूस बरा होता, तोंडात बडीशेप, कपाळाला गंध. "अहो, निळ्यानं लिहिलेलं निळ्यानंच खोडलं, तर खोडलंय हे कळायचं कसं?"

त्याचंही खरंच होतं. पण त्याला काय ठाऊक, की ही एवढीशी रेघ चुकवण्यासाठी भटूनं दोन वर्षं काढली होती! उभा राहू द्या त्याला तसाच घटकाभर. तो काही पळून जात नाही. आधी हा माणूस कोण, ते सांगतो.

भटू मूळचा बुराईच्या काठचा, दोंडाईच्याकडचा. लग्नानंतर वर्षभरात भागीरथीला घेऊन सुरतेला आला आणि लिंबायतला पत्र्याच्या एका खोलीत राहिला, त्याला बावीस वर्षं झाली. पावरलूमवर सहा माग एकटा सांभाळायचा. बारा तास तो खडखडाट कानात, म्हणून बोलणंही तसंच, मोठ्यानं. मुलीच्या, योगिताच्या, लग्नात भटजींनी हळूच विचारलं, "मुलीचं पाळण्यातलं नाव काय?" यानं असं ओरडून सांगितलं की मांडवाबाहेरचे बँडवाले वाजवायचे थांबले! वरपक्षाची माणसं चलथाणची, साखर कारखान्यातली. त्यांना वाटलं, मुलीचा बाप भांडायला उठला. भागीरथी पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला ठसका लागला.

तो ठसका मात्र लक्षात ठेवण्यासारखा होता. कुणी ठेवला नाही.

भागीरथी घरी साड्यांचे धागे कापायची. मागावरून उतरलेल्या साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबतात, ते कात्रीनं साफ करायचे. अंगणात बसून दिवसाला गठ्ठेच्या गठ्ठे. त्याचं तूस उडतं, केसांत बसतं, भाकरीवर बसतं. उरातही बसलं असणार. चाळिशी ओलांडली आणि तिला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली. इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं, "इनको हवा में रखो. धुआं बिलकुल नहीं." भटूनं जुन्या बाजारातून टेबलपंखा आणला. निळ्या पात्यांचा, जरा करकरणारा. भागीरथी त्याच्यासमोर बसायची तेव्हा तिचा श्वास खरंच खाली बसायचा. पण पंखा फिरला की बिल फिरतं. पत्र्याखाली वैशाखात तो दिवसभर चालवायचा, आणि दोन महिन्यांचं बिल हातात आलं की भटूनं ते घडी करून फळीवर ठेवायचं, असं चाललं. शेवटी एका वर्षी फाल्गुनात बिलं थकली आणि माणसं येऊन तार तोडून गेली. मग पुन्हा घासलेटची चिमणी, घासलेटचा स्टो, आणि त्यांचा धूर.

आता मुद्द्यावर येतो. त्या सुमारास सरकारनं एक योजना काढली होती. गरिबाच्या घरच्या लाइट बिलाचा अर्धा वाटा सरकार भरणार, आणि तुटलेली तारही जोडून देणार. अट एकच, सुरतेचं रेशन कार्ड पाहिजे.

आणि भटूचं कार्ड गावी!

म्हणजे काय, की गावच्या घरी थोरला भाऊ लोटू, त्याच्या कार्डावर खाली भटू आणि भागीरथी ही दोन नावं. बावीस वर्षं यांच्या वाट्याची साखर आणि घासलेट लोटू उचलायचा. भटूची काही तक्रार नव्हती. उलट आनंदच. म्हणायचा, "तिकडे माझ्या नावाचं घासलेट जळतंय ना? म्हणजे मी तिकडेच आहे. इथे नुसता कामाला येतो." दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं ठरलेलं, की पुढच्या आखाजीला कायमचं गावी. बावीस आखाज्या गेल्या.

रेशन ऑफिसात मंगलाताई म्हणून एक बाई होत्या, आपल्याकडच्याच, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, "काका, गावच्या कार्डातून दोघांची नावं कमी करून दाखला आणा. तो आणलात की इथलं कार्ड मी करून देते. फार दिवस लावू नका."

भटू "हो हो" म्हणाला, आणि गेला नाही.

का गेला नाही? भटू आठ वर्षांचा असताना त्याचा बाप, धुडकू, साप चावून गेला. तेराव्याच्या गोडासाठी आईनं याला हाताला धरून रेशनच्या दुकानात नेलं. दुकानदारानं कार्ड घेतलं, बापाच्या नावावर लाल शाईनं आडवी रेघ मारली आणि तेवढी साखर कमी मोजली. आई दुकानात रडली नाही. वाटेत रडली. तेव्हापासून या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं, की नाव कमी होतं ते मेलेल्याचं. जित्या माणसाचं, तेही आपण होऊन जाऊन कमी करायचं? आणि बायकोचं?

हे तो कुणाला बोलला नाही. भागीरथीलाही नाही. तिला सांगितलं, "ते इकडच्या लोकांसाठी आहे, आपल्याला नाही मिळत."

दोन वर्षं ते चाललं. मग शेजारच्या कलाबाईनं सगळं फोडलं. कलाबाई शिरपूरकडची, तिच्या घरी अर्धं बिल यायला लागलं होतं. ती सहज म्हणाली, "भागीबाय, तू फारम नाही भरलं का? आम्हाला मिळालं की!"

भटू पाळी संपवून आला तर भागीरथी दारातच बसलेली. धाप लागत होती, तरी बोलली.

"कलाबाई गुजरातनी शे का?"

भटू वाकून चपला काढायला लागला.

"मी इचारस, कलाबाई गुजरातनी शे का?"

"गावचं नाव कमी करावं लागतं," तो म्हणाला. पहिल्यांदा इतक्या हळू बोलला असेल.

"मग करा! त्या नावाचं काय लोणचं घालायचंय? अहो, प्लेग आला तेव्हा सारी सुरत पळाली, आपणही पळालो. तुमच्या भावानं कुठे ठेवलं आपल्याला? खळ्यात! दहा दिवस बैलांच्या शेजारी. ताट लांबून सरकवायचे. नाव घरात, आणि आपण खळ्यात!"

एवढं बोलून तिला उबळ आली. भटूनं साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि वारा घालायला बसला. रोज बसायचा. बारा तास माग, आणि मग हा पुठ्ठा. हात भरून आला की डावा हात. ती म्हणायची, "पुरे, झोपा आता." हा म्हणायचा, "गंमत म्हणून घालतोय." त्या दिवशी मात्र तिनं पुठ्ठा धरला आणि म्हणाली, "मी मरायची वाट पाहताय का?"

तेव्हा त्यानं सांगितलं. धुडकूचं, साखरेचं, रेघेचं, सगळं. भागीरथीनं ऐकून घेतलं. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लेकराच्या फिरवावा तसा. "येडा रे येडा! अहो, रेघेनं माणूस मरतं व्हय? सकाळच्या गाडीनं जा. योगिताला बोलावून घेते मी."

असा तो गावी आला. लोटू आधी रुसला. "म्हणजे आता आमच्यातून निघालाच की रे तू!" दोन माणसांचं घासलेट कमी होणार, तेही मनात होतं, पण शेवटी बरोबर आला बिचारा, तालुक्यापर्यंत. आणि तिथे तो लाल पेनवाला कारकून.

भटूनं एक शेवटची खटपट करून पाहिली. "साहेब, असं करा. माझं एकट्याचं काढा. तिचं राहू द्या."

"नवरा गुजरातेत आणि बायको महाराष्ट्रात? असं कुठे कार्ड असतं का, दादा? तिथे फक्त तुमचं होईल मग. बाई आजारी आहेत म्हणता ना?" कारकुनानं पेन टेकवलं. "कारण काय लिहू? मयत की स्थलांतर?"

"स्थलांतर! स्थलांतर लिहा!" भटू असा ओरडला की सगळी कचेरी वळून पाहायला लागली. लोटूनं त्याचा हात धरला.

कारकुनानं आधी भटूच्या नावावर रेघ मारली. मग खालच्या. भटूनं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. सरळ, पट्टी लावून मारलेली रेघ. शिक्का बसला. दाखला घडी करून त्यानं बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि परतीच्या गाडीत सुरतेजवळच्या उधन्याला उतरेपर्यंत त्यावर हात ठेवून बसला.

घरी आला तर भागीरथी बसलेली, चहा पीत. हा तिच्याकडे बघतच राहिला. ती म्हणाली, "काय बघता? आहे अजून!" तिघंही हसली, योगितासुद्धा. त्या दिवशी भटूला खरोखर वाटलं, की आपण उगाच दोन वर्षं भ्यालो.

दुसऱ्याच दिवशी त्यानं दाखला, योजनेचा अर्ज, सगळे कागद मंगलाताईंकडे दिले. त्यांनी लगेच घेतले. पण कार्ड काही एका दिवसात होत नाही. एकदा फोटो लागला, एकदा खोलीमालकाची सही लागली, एकदा साहेब रजेवर. भटू पाळी बदलून चकरा मारत होता. वैशाख सरला, ज्येष्ठ लागला, पत्रा तापून तव्यासारखा व्हायचा. निळा पंखा कोनाड्यात पुसून ठेवलेला होता. भागीरथीनंच पुसला होता, तार जोडली की लगेच लावता यावा म्हणून.

ज्येष्ठातल्या एका दुपारी भटू मागावर असताना कलाबाईचा माणूस बोलवायला आला. भटूला त्याचं बोलणं ऐकू आलं नाही, नुसते ओठ हललेले दिसले. त्यानं सहाही माग बंद केले. तो घरी पोचला तेव्हा भागीरथी भिंतीला टेकून होती, पुठ्ठा मांडीवर. कलाबाई म्हणाली, "स्वतःच घालत होती वारा. मी पाणी आणायला वळले, तेवढ्यात गेली."

दहाव्यापर्यंत भटू मागावर गेला नाही. लोक समजावत होते, की आजारच तसा होता. लोटूही आला, रडला, म्हणाला, "तुझा काय दोष?" भटूच्या मनात मात्र दोन माणसं भांडत होती. एक म्हणे, दोन वर्षं आधी गेला असतास तर ती पंख्याखाली बसली असती. दुसरं म्हणे, गेलास म्हणूनच गेली, रेघ तू मारून आणलीस. दोघांपैकी एकाचं खरं असतं तरी त्याला सोसलं असतं. त्याला दोघांचंही खरं वाटत होतं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी ऑफिसातून निरोप आला, कार्ड तयार आहे. तो गेला. मंगलाताईंनी नवंकोरं कार्ड समोर ठेवलं. पहिलं नाव भटूचं, दुसरं भागीरथीचं, गुजरातीत, गोल अक्षरात. खाली योजनेचा अर्जही मंजूर होऊन आलेला. तार आठवड्यात जोडणार होते.

"काकूंना आता बरं वाटेल," त्या म्हणाल्या.

भटूनं सांगितलं. मोठ्यानं नाही.

मंगलाताईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मागे रांग होती, पुढचा माणूस खाकरला. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, फार वाईट झालं हो. पण नियम आहे, तुम्हालाच पुढे त्रास नको. मृत्यूचा दाखला घेऊन या, आणि एका अर्जावर सही करा. काकूंचं नाव कमी करावं लागेल."

भटूनं कार्ड उचललं, त्या दुसऱ्या नावावर अंगठा ठेवला, आणि परत त्यांच्यापुढे सरकवलं.

"ताई, एकदा मी स्वतः गावी जाईसन तिचं नाव कमी करी आणलं. आता परत माझ्या हातून नाही व्हायचं. तुम्ही करून घ्या, मी भायेर उभा राहतो."