स्वयंपाकघराची खिडकी
माझं शिक्षण चौथीपर्यंतच, तेव्हा चुकलेल्या वेलांट्या आणि वेडंवाकडं अक्षर यांची माफी असावी. आज ओल्या लाकडाचा धूर नाकात गेला आणि जबलपुरात घर बांधलं ते वर्ष आठवलं. पैसे कमी पडले, ते थोरल्या जाऊबाईंनी उसने दिले आणि खर्चात काटछाटही त्यांनीच केली. बैठकीची फरशी राहिली, माझ्या स्वयंपाकघराची खिडकी मात्र गेली. "चुलीपाशी बसून कोणाला पाहायचं आहे तुला?" त्या मिस्त्रीसमोर म्हणाल्या. "सही बात है, बाईजी," म्हणत तो हसला. मी पदर पुढे ओढला. पुढे दर महिन्याला त्या हप्ता न्यायला येत. बैठकीत पुरुष असत, म्हणून मी त्यांना चुलीजवळ पाट मांडून देई आणि मुद्दाम ओली लाकडं आत सारी. "एवढा धूर काहून होऊन राहिला गं?" "खिडकी नाही ना, जाऊबाई. चहा घेऊनच जा." मला धुराची सवय झाली होती. शेवटच्या हप्त्यासाठी सगळ्यात ओलं लाकूड राखून ठेवलं होतं. डोळे पुसत त्यांना कलदार रुपये तीनदा मोजावे लागले. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही. त्यांचा पैसा न् पैसा त्या दिवशी फिटला.