सव्वा गोळी

कसबा पेठेतल्या भट्टीवर नानकटाई भाजत वाढलेल्या कमरजहांला कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती जुन्या पुस्तकातून लिस्प ही कॉम्प्युटरची भाषा वाचायची. तेवढ्यावर तिला शनिवार पेठेत यज्ञेश्वरांच्या छोट्या कंपनीत काम मिळालं, आणि तिथं अकरा वर्षं गेली.

एक फंक्शन म्हणजे यंत्राला नेमून दिलेलं एक काम. कमरजहां फंक्शनं एकेक करून लिहीत नसे. ती मॅक्रो लिही, म्हणजे फंक्शनं पाडणारा साचा. साचा मन लावून कोरायचा, मग फंक्शनं आपोआप पडत राहायची. त्याचा तिला मोठा अभिमान होता.

एका दवाखान्यासाठी त्यांनी सोय केली: डॉक्टरांनी मराठीत डोस बोलायचा, यंत्रानं तो चिठ्ठीवर छापायचा. गोळी, चमचा, थेंब अशी सतरा मापं, सतरा फंक्शनं आणि साचा एकच. ‘सव्वा’ ऐकू आलं की पुढच्या आकड्यात पाव मिळवायचा. सव्वादोन, सव्वातीन बरोबर उमटले. नुसता ‘सव्वा’ मात्र तिच्या ध्यानातून निसटला. पुढं आकडाच नाही, म्हणून यंत्रानं शून्यात पाव मिळवला. सव्वा गोळीची पाव गोळी झाली.

पहिली चुकीची चिठ्ठी दवाखान्यानंच पकडली. कमरजहांनं त्याच दिवशी साचा दुरुस्त केला, आपल्या यंत्रावर सगळं नव्यानं पाडून पाहिलं, दवाखान्याला नवा साचा पाठवला आणि कळवलं, “झालं.”

पण दवाखान्यातली सतरा फंक्शनं जुन्या साच्यातून आधीच पडलेली होती. ती पुन्हा पाडायला हवीत, हे सांगायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात धायरीचे संभाजी फिटच्या औषधाची चिठ्ठी घेऊन घरी गेले. नवव्या दिवशी आलेली फिट थांबलीच नाही. ते गेले.

“साचा बदलला म्हणून डब्यातल्या नानकटाया बदलतात का, कमरजहां?” यज्ञेश्वरांनी विचारलं.

“नाही, सर.”

“वा. भट्टीवर कळत होतं म्हणजे.” त्यांनी चष्मा पुसला. “आता जे बोलायचं ते वकील बोलतील. आपण त्या घरी जायचं नाही.”

ती गेलीही नसती. पण दवाखान्यातल्या नर्सनं फोनवर सांगितलं की संभाजींची बायको तुळजाबाई भेटेल त्याला एकच विचारते, गोळी कापताना माझं चुकलं का.

दुसऱ्या दिवशी कमरजहां धायरीला गेली.

“तुमी दवाखान्यातल्या का?” तुळजाबाईंनी दारातच विचारलं.

“नाही. चिठ्ठी छापणारं यंत्र मी बनवलं.”

“मंग तुमाला ठावं असंल. ब्लेडनं कापायची मी. चार तुकडे, पर एखादा ल्हान व्हायचा. त्यानंच झालं का वो?”

“नाही, तुळजाबाई. तुमचे तुकडे बरोबर होते. चिठ्ठीच चुकीची होती. पाव नाही, सव्वा हवी होती. चूक माझी आहे.”

तुळजाबाईंनी बोटांवर मोजलं.

“सव्वा म्हंजी एक आख्खी, आन् वर पाव.”

“हो.”

“आख्ख्या तर घरातच व्हत्या,” त्या म्हणाल्या. “पाकीट भरून व्हत्या.”

त्यांनी कमरजहांला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दार तसंच उघडं टाकून त्या आत गेल्या.