मान, पट्टा अन् भिवापुरी मिरची

मानेचं ऑपरेशन झालं की माणसाले दोन गोष्टी फुकट भेटतात, नारळपाणी अन् किस्से. नारळपाणी संपून जाते. किस्से मात्र प्रत्येक पाहुण्यासोबत वाढत राहतात.

सुरुवात मिरचीपासून झाली. आमची शेती भिवापूरले, घर नागपूरले, प्रताप नगरात. दरसाल मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, वाळल्या मिरचीचं पोतं आणतात अन् सगळे गोल बसून देठं खुडतात. थोड्या वेळात बोटांची आग होते, मंग एकेक जण उठते. यंदा मी पंक्यासोबत पैज लावली. पंक्या माझा दोस्त, सीताबर्डीत मोबाईलचे कव्हर विकते. तो बर्फात हात घालून बसला तरी मी खुडूनच राहिलो होतो. डावा हात जळत होता, उजवा एकदम शांत.

"पोट्टा वाघ आहे," मोठे बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात शर्टाचं बटन लागेना, चहाचा कप हातातून सुटला, म्हणून डॉक्टरले दाखवलं. पैजेचा किस्सा त्यालेही सांगितला. तो हसला नाही.

*

एमआरआयत निघालं, मानेतली गादी सरकून नस दाबून राहिली. सर्जन म्हणाले, गळ्याच्या समोरून जायचं, गादी काढायची, दोन मणके प्लेट-स्क्रूनं जोडून टाकायचे.

"नाही केलं तर?" बाबांनी विचारलं.

"हात अजून जाईल."

"केलं तर?"

"जाणं थांबेल. गेलेलं परत येईल की नाही, आज सांगता येत नाही."

पार्किंगमध्ये गाडीची चाबी बाबा नेहमी माझ्याकडे फेकतात. त्या दिवशी त्यांनी ती खिशातच ठेवली.

*

पंक्याले फोन केला. "मानेत प्लेट बसवून राहिले गा."

"मागच्या एप्रिल फूलले तू मेला होता," तो म्हणाला. "मी हार घेऊन आलो होतो."

मी रिपोर्ट पाठवला. मंग हळूच म्हणे, "गॅरंटी आहे का रे प्लेटची?"

*

मोठे बाबा ऑपरेशनच्या विरोधात होते. "काहून कापाकापी करतं? आपल्याकडे एक माणूस आहे. एका झटक्यात मान बसवते."

"तुमची बसवली का त्यानं?"

"माझी नाही. म्हशीची."

"कशी आहे आता म्हैस?"

मोठे बाबांनी चहाचा घोट घेतला. "विकली."

त्याच दिवशी आम्ही ऑपरेशनची तारीख घेतली.

*

शुद्धीवर आलो की आईले "तुम्ही कोण?" विचारायचं, असं मी ठरवून गेलो होतो. शुद्धीवर आलो. आई समोरच होती. तोंड उघडलं, आवाजच निघाला नाही. सर्जननं सांगितलं होतं, काही दिवस आवाज बसू शकते. पण त्या वेळी ते कोणाले आठवते!

"बस झालं तुझं नाटक," आई म्हणाली.

नाटक नाही, हे सांगायलेही आवाज पाहिजे.

*

मंग गळ्यात पट्टा आला. मोठे बाबा भेटायले आले, पण पाया पडायले मान वाकेना. त्यांनी एक मिनिट विचार केला अन् चप्पल काढून सोफ्यावर उभे राहिले.

"आता पड."

*

आवाज आला. पट्टाही निघाला. उजवा हात मात्र तसाच बधिर. आई रोज सकाळी विचारे, "आलं का काही?" मी म्हणो, "नाही." मंग ती माझ्या शर्टाचे बटन लावून द्यायची.

मोठे बाबा मिरचीचं दुसरं पोतं घेऊन आले. सगळे गोल बसले. थोड्या वेळानं पंक्या उठला, बाबा उठले, मोठे बाबाही उठले. मी खुडून राहिलो होतो. यावेळी कोणी वाघ म्हटलं नाही. सगळे दुसरीकडे पाहत होते.

"आई," मी म्हटलं, "अंगठा जळून राहिला."

"कोणता?"

"उजवा."

"खोटं बोलू नको रे."

मी अंगठा फुंकत बसलो. आई समोर येऊन बसली, माझा हात आपल्या मांडीवर घेतला. मले वाटलं, तूप लावते. तिनं पोत्यातून एक मिरची काढली, तोडली, अन् अंगठ्याच्या बाजूच्या बोटावर घासली.

"अन् हे?"