‘टेर्ने’ची हजेरी

दुसऱ्यांच्या होड्यांत नाक खुपसण्याबद्दल टॉर्किल्ड ब्रून सगळ्या बंदरात प्रसिद्ध होता. शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवलेला माणूस. निवृत्त झाला तरी मास्तरकी काही सुटली नाही. हिवाळ्यात कुणी आपल्या होडीभोवती प्लास्टिक घट्ट गुंडाळलं की हा शिडीवर हजर. "लाकूड आहे ते, लोणचं नव्हे, बरणीत बंद करून ठेवायला! वारा खेळू दे जरा, नाहीतर आतून कुजेल." लोक हसायचे, पण प्लास्टिक सैल करायचे. म्हातारा सहसा चुकत नसे.

अकरा वर्षांपूर्वी त्याने आणि आस्ताने घर विकलं आणि दोघं ‘टेर्ने’ या आपल्या शिडाच्या होडीवर राहायला आली. उन्हाळाभर शीड लावून लिमफ्योर्डच्या खाडीत भटकायचं, ऑक्टोबरात क्रेनने होडी काठावर टेकूंवर चढवायची, हिवाळाभर तिच्यातच राहून ती खरवडायची, रंगवायची आणि एप्रिलात पुन्हा पाण्यात सोडायची. असं बारा महिने होडीत राहणारी बंदरात ही दोघंच. बाकीचे थंडी पडली की गरम घरांत पळायचे. "उन्हाळी खलाशी," आस्ता त्यांना तोंडावर म्हणायची.

तीन हिवाळ्यांपूर्वी आस्ताच्या छातीने दगा दिला. खोकला लागला की तास तास थांबेना. डॉक्टर म्हणाले, ऊब हवी, आता घर बघा. आस्ता म्हणाली, "घर तुम्हीच बघा. मला इथून नेलंत तर आडवीच न्यावी लागेल." तिच्यापुढे टॉर्किल्डने कधीच हात टेकले होते. मग त्याने जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याने त्याची चामडी लोळवली असती. आस्ता बहिणीकडे गेलेली असताना त्याने तिच्या बिछान्यामागच्या भिंतीच्या लाकडी पट्ट्या उखडल्या, मागच्या पोकळीत खच्चून फोम भरला, हवेची भोकं बुजवली आणि पट्ट्या पुन्हा ठोकल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण त्या हिवाळ्यात तिचा खोकला निम्म्यावर आला. "नवी शेगडी चांगली निघाली हं," ती म्हणायची, आणि तो मान डोलवायचा.

या जानेवारीत डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की आस्ताच्या हाती अजून एखादा उन्हाळा आहे. ती रडली नाही. तिने एकच मागितलं. शीड लावून, इंजिन बंद ठेवून, फूर बेटावर जायचं. तिचा जन्म तिथला.

"फेरीबोटीने पाच मिनिटांत पोचशील," टॉर्किल्ड म्हणाला.

"फेरीबोटीने गाई जातात."

झालं, ठरलं. त्या दिवसापासून म्हातारा सकाळी सातला कामाला लागायचा. जुनी शिडं शिवली, दोरखंड बदलले, डोलकाठीला चार हात वॉर्निश दिलं. वीस वर्षांत एवढा हुरूप त्याला आला नव्हता.

फेब्रुवारीत आस्ताला चार दिवस इस्पितळात ठेवलं. तिचा बिछाना आवरताना त्याला पट्टीवर तळहाताएवढा काळा डाग दिसला. त्याने पट्टी काढली. फोम पिळावा इतका ओला होता. मागच्या फळीत त्याने चाकू टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. मग दुसरी फळी, तिसरी. सगळीकडे तेच.

पट्ट्या परत ठोकून त्याने विलाड्सला बोलावलं. विलाड्स होड्या बांधायचा, आणि रंधा धरायला तो टॉर्किल्डकडेच शिकला होता. त्याला शनिवारीच सवड मिळाली, तोवर आस्ता परत आली होती. ती आत बिछान्यावर पडलेली, आणि बाहेर विलाड्स हातोडीने एकेक फळी ठोकून बघत होता. चांगली फळी ठणकन वाजते. यातल्या बहुतेक भद्द वाजल्या.

"मास्तर, हिला पाण्यात सोडलं तर धक्का सुटायच्या आत तळाला जाईल," तो हळू आवाजात म्हणाला.

"किती काम आहे?"

"दोन हिवाळे. आतल्या लाकडी बरगड्याही गेल्यात हो. आत फोम कोणत्या गाढवाने भरला?"

"मी."

विलाड्सने मान खाली घातली. "माझी जीभ झडो. मला काय माहीत..."

"गाढवच. बरोबर बोललास. फक्त तिला कळू देऊ नकोस."

"ठोकाठोक कसली चाललीय?" आतून आस्ताने विचारलं.

"फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरतोय," टॉर्किल्ड ओरडला.

एप्रिल आला. एकेक होडी क्रेनला लटकून पाण्यात गेली. आस्ता रोज विचारायची, आणि तो कधी सांगायचा, क्रेनवाल्याची पाठ अवघडलीय, कधी रंग वाळायचाय, पण सोमवारी उतरवू. असे तीन सोमवार गेले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, त्याला चौथं कारण सुचेना.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बंदरातल्या होडीवाल्यांच्या क्लबचं निशाण चढवायचा दिवस होता. निशाण चढलं की हंगाम सुरू. मग पाव, कडू दारूचा एकेक घोट आणि हजेरी. अध्यक्ष एकेका होडीचं नाव पुकारतो आणि त्या होडीवरून ओरडून उत्तर यायला हवं, "तयार!" आस्ताने हट्टच धरला म्हणून टॉर्किल्डने तिला ब्लँकेटात गुंडाळून डेकवर आणून बसवलं. सगळ्या काठावर एकटी ‘टेर्ने’ टेकूंवर उभी होती. खाली पाणी नव्हतं, खडी होती.

होडीचं नाव यादीतून गाळायला त्याने अध्यक्षाला सांगून ठेवलं होतं. पण यादी गेल्या वर्षीची होती, आणि अध्यक्षाच्या लक्षात येईपर्यंत नाव तोंडातून गेलं होतं.

"टेर्ने!"

विलाड्स आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"तयार!" आस्ता ओरडली. त्या एका शब्दाने तिला एवढा खोकला आला, की पुढची तीन नावं तिला ऐकूच आली नाहीत.

हजेरी संपली. होड्या एकामागून एक बंदराबाहेर पडल्या. टॉर्किल्ड आस्ताच्या शेजारी बसला.

"सोमवारी नक्की..." त्याने सुरुवात केली.

"पुरे रे आता, म्हाताऱ्या. अकरा वर्षं या होडीत झोपतेय मी. कापूस भरल्याचा आवाज वेगळा आणि कुजक्या फळीचा वेगळा, एवढं मला कळतं. गाढव कोण, तेही ऐकलंय."

"तुला ऊब मिळावी म्हणून केलं गं."

"ते कळलं मला." ती बाहेर पडणाऱ्या शिडांकडे बघत होती. "पण मला विचारायचं तरी होतंस. मी कुडकुडत राहिले असते."

शेवटची होडी वळणाआड जाईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. मग त्याने तिचे हात हातात घेतले. ते गार पडले होते, म्हणून तो शेगडी पेटवायला खाली गेला.