दहाव्याची सकाळ

कारेगावजवळच्या एका कंपनीत मी माल तपासायचो. पेटीवर माझा शिक्का बसल्याशिवाय ती गाडीत चढत नसे, आणि माझ्या शिक्क्याचा माल कधी परत आला नव्हता. हे मी येता-जाता ऐकवायचोही. कामापेक्षा नाव राखण्यातच माझी निम्मी हुशारी खर्च व्हायची.

नाव गावातही राखायचं होतं. इनामगावला भावकीतल्या एका आप्पांचा दहावा होता. आमच्याकडे एखादं लग्न चुकलेलं चालतं; दहाव्याला तोंड दाखवलं नाही तर वर्षभर ऐकावं लागतं. रजा मागावी, तर साहेबांच्या कपाळाला आठी. मी सकाळी हजेरी लावली, शिक्का पॅकिंगच्या चाचांच्या हातात दिला आणि मागच्या गेटनं सटकलो. चाचा शिरूरचे, ठेकेदाराकडून आलेले, वयानं माझ्या वडलांएवढे.

"आन् माल खराब निघाला तर?" त्यांनी विचारलं होतं.

"बाजूला ठेवा. आलोच मी."

नदीकाठी पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं संपता संपेनात. परत आलो तेव्हा गाडी भरत होती आणि चाचांनी सहा पेट्या बाजूला काढल्या होत्या.

"ह्या नीट बघा. मला बरोबर वाटत न्हाईत."

उशीर कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून मी न बघताच सहाही पेट्यांवर शिक्का मारला.

नेमक्या त्याच परत आल्या. मॅनेजरांनी दोघांना बोलावलं. चाचांनी घडलं तसं सांगितलं, "हे तवा दहाव्याला गेलते. आल्यावर मी ह्यांना पेट्या दाखवल्या व्हत्या."

हजेरीत मी पहिल्या मिनिटापासून कामावर होतो. मी म्हणालो, "शिक्का टेबलावर होता, साहेब. यांनी न विचारता मारला."

साहेबांनी पुढं काही विचारलंच नाही. इतक्या वर्षांचं चांगलं नाव मला खोटं बोलायला कामी आलं. दुपारच्या आत चाचांचा गेटपास काढून घेतला. लाज वाटली का? वाटली की. पगारवाढ होईपर्यंत वाटली.

गेल्या महिन्यात शिरूरच्या बाजारात ते दिसले. मी घाईनं दुसरीकडे वळलो, पण तेच जवळ आले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दौंडकडं एका कंपनीत जागा हाय. तिथलं साहेब तुमच्या वळखीचं. एक शब्द टाका. तुमचं कुनी खोटं मानत न्हाई."

बघतो म्हणालो. अजून फोन केलेला नाही. केला, तर तिकडून पहिलं हेच विचारतील, एवढा चांगला माणूस तुम्ही सोडलात कसा?