गायकवाड सिस्टर आणि गुलाबी पुड्या

पोट दुखतंय म्हणून कुणी दवाखान्यात आलं की गायकवाड सिस्टर त्याला नाव विचारीत नसत, गावही विचारीत नसत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : "गाठ सोड." बाई असली तर पदराची, गडी असला तर धोतराच्या सोग्याची, नाहीतर कमरेची चंची. गाठीतून तंबाखू निघे, सुपारीचं खांड निघे आणि सगळ्यात शेवटी गुलाबी कागदाची, चौकोनी घडीची पुडी निघे. ती पुडी सिस्टर खिडकीच्या कठड्यावर ठेवीत आणि मग म्हणत, "हं. आता सांग, नाव काय?"

गेल्या वर्षी त्या नांदेडला वारल्या. श्रद्धांजलीच्या पत्रकात त्यांना 'ममतेची मूर्ती' म्हटलं होतं. मी त्यांना दीड वर्ष जवळून पाहिलं. ममता मला कुठे आढळली नाही, आणि मूर्ती तर त्या नव्हत्याच. मूर्ती गप्प बसते.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कमानी उभ्या राहत होत्या, फेटे बांधले जात होते, प्रत्येक भाषणात विकासाची गंगा वाहत होती. जळकोटच्या बाजूला आमच्या गावात मात्र आठवड्यातून दोनदा टँकर येत होता. पावसानं दोन वर्षं दगा दिला होता आणि गावाजवळ पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं. जमीन असलेले आणि जमीन नसलेले एकाच ढिगाऱ्यावर दगड फोडत होते. मी बी. ए. होऊन घरी बसलेलो. वाचनाची सवय आणि सुवाच्य अक्षर या दोन गुणांवर मला तिथे हजेरी कारकुनाची जागा मिळाली. लोक मला 'बाबू' म्हणत. मला ते आवडायचं.

माझ्या टेबलाखाली औषधाची पेटी असे. तिच्यात पट्ट्या, आयोडीन आणि बाजारातून आणवलेल्या अंगदुखीच्या गुलाबी पुड्या. मजुरी मोजमापावर होती, म्हणून लोक उजाडायच्या आत, नुसत्या कोऱ्या चहावर कामाला येत. दूध कुठून आणणार? हातपाय आदल्या दिवसाच्या घणांनी जखडलेले असत. मी हजेरी घेता घेता पुडी पुढे करी. तासाभरात सांधे मोकळे होत आणि माणूस दुपारपर्यंत दगड फोडी. भाकरी त्यानंतर. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "तुमच्या कामावर आजारपण दिसत नाही. याची नोंद घ्यायला हवी." नोंद कुणी घेतली नाही. मी मात्र मनातल्या मनात घेतली.

सिस्टरांची आणि माझी पहिली भेट झाली ती सुभद्रामावशीमुळे. मावशीला कामावर उलटी झाली आणि उलटीत चहाच्या चोथ्यासारखं काळं काही पडलं. मी तिला गावातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. चार खाटा, एक सिस्टर, आणि उदगीरहून आठवड्यातून दोन दिवस येणारे एक तरुण डॉक्टर असा तो दवाखाना. गाठ सुटली. सहा पुड्या निघाल्या.

"कुणी दिल्या?"

मावशीनं माझ्याकडे कौतुकानं बोट केलं. "बाबूनं. लई देव माणूस हाय."

सिस्टरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमी डॉक्टर का?"

"नाही. मी हजेरी घेतो."

"मग हजेरीच घ्या की. लोकांची पोटं कामून जाळून राहिलात?"

मी त्या काळी बरंच वाचलेलं होतं आणि ते मला लपवता येत नसे. मी त्यांना समजावून सांगितलं की अल्सर हा काळजीचा आणि तिखटाचा आजार आहे, पुडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. सिस्टर सिरिंज उकळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मिरचीनं पोट फाटत असतं तर मराठवाड्यात माणूस उरला नसता. न् काळजी म्हणता? टेकडीच्या पल्याड नालाबंडिंगचं काम हाय, तिथं काय सुखी लोक कामाला हायेत का? तिथून महिन्याला एक बी पोटदुखी येईना. तुमच्या कामावरून रांग लागलीय. तुमच्याकडं काय जास्त हाय, सांगा बरं?"

जास्त होती ती माझी पेटी. इतकं सरळ अनुमान मी नंतर पुस्तकांतही फारसं वाचलं नाही.

पोटाचं सगळं शास्त्र त्या गोधडीच्या भाषेत सांगत. "पोटाला आतून अस्तर असतंय. उपाशीपोटी पुडी टाकली की ते उसवतंय. मग पोटातलं आंबट पोटालाच खातंय. जळजळ होती म्हणून तुमी आणिक एक पुडी टाकता. पुडीनं दुखतंय म्हणून पुडी! आग लागली म्हणून रॉकेल वतल्यासारखं." डॉक्टर चिठ्ठीवर 'दर दोन तासांनी दूध' असं लिहून जात. सिस्टर ती ओळ वाचून दाखवीत आणि वर आपली पुस्ती जोडीत : "जनावरं छावणीला, दूध कुठलं? न् दुधानं घटकाभर गार वाटतंय, जखम भरत न्हाई. पुडी सोड. उठल्या उठल्या चार घास खा. तंबाखू कमी कर. ह्या गोळ्या चावून खा. संडास काळी झाली, सडकेवरच्या डांबरासारखी, तर त्याच दिवशी ये. स्वैपाक आटपून न्हाई. त्याच दिवशी." पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की पोटातल्या या जखमेमागे पुष्कळदा एक जंतूही असतो आणि गोळ्यांच्या नीट कोर्सनं तो जातो. तेव्हा ते आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं, सिस्टरांनाही नाही. पण जे ठाऊक होतं ते त्या ओरडून सांगत. खरोखरच ओरडून.

लोकांना त्या आवडत नसत. त्याला कारणं दोन. सिस्टर बौद्ध होत्या, आणि दुष्काळानं दगड फोडायला लावलं तरी काही घरांचा ताठा शाबूत होता. एकदा एका शेतकऱ्याघरच्या बाईनं पदर घट्ट धरला आणि म्हणाली, "तुमी नका हात लावू. मी सोडते." सिस्टर म्हणाल्या, "सोड. गाठ तुझी, पोट तुझं. मला निस्ती पुडी पायजे." पुढे तिचं पोट तपासायची वेळ आली तेव्हा तिला तो हात चालला. तपासून झाल्यावर सिस्टरांनी तिच्या डोळ्यांदेखत साबण लावून, सावकाश, कोपरापर्यंत हात धुतले. सवयीनं धुतले की मुद्दाम, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसरं कारण जास्त खरं होतं. पुडी काढून घेतली की दुसऱ्या दिवशी माणसाचा हात चालत नसे. याला सिस्टरांकडे औषध नव्हतं. त्यांनी मला निरोप धाडला : हजेरी अर्धा तास उशिरा घ्या, म्हणजे लोक भाकरी खाऊन येतील. मी उत्तर धाडलं की वेळ साहेबांनी ठरवलेली आहे. ती ठरवली मीच होती.

त्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी वर एक तक्रार अर्ज लिहिला : सदर परिचारिका मजुरांशी उद्धटपणे वागतात व त्यांची औषधं हिसकावून घेतात. अर्ज फिरत फिरत अभिप्रायासाठी थेट सिस्टरांकडेच आला. त्यांनी मला दवाखान्याच्या दारात गाठून तो चार लोकांसमोर मोठ्यानं वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "अक्षर झकास हाय. मजकूर खोटा हाय."

त्याच रागात मी दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, "दवाखान्यात पुडीचं नाव काढायचं नाही. ज्याचं पोट दुखतं त्याला आपण घरी आराम देऊ." हे मी अर्धं चेष्टेत बोललो. पण ज्याच्या हातात हजेरीपट असतो त्याच्या चेष्टेला कुणी हसत नाही.

व्यंकटमामा त्या दिवशी पहिल्या रांगेत होता. पन्नाशीचा गडी, घरची जमीन कोरडी पडलेली, दोन्ही गुडघे गेलेले. सकाळी दोन पुड्या, दुपारी दोन. हजेरीत नाव राहावं एवढीच त्याची धडपड, कारण घरात तेवढं एकच नाव हजेरीत होतं.

होळीच्या आसपास एक दिवस घण उचलताना तो एकदम खाली बसला. ओरडला नाही. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडला आणि हलेना. बैलगाडीत घालून आणला. डॉक्टरांचा येण्याचा दिवस होता. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ऊन लागलेलं दिसतंय, सलाईन लावा, संध्याकाळपर्यंत बघू. सिस्टरांनी पोटावर हात ठेवला आणि उचलला. "सर, पोट फळीसारखं झालंय. आतून फुटलंय हे."

"आधी पोटाचा काही त्रास होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

व्यंकटमामानं माझ्याकडे पाहिलं. "न्हाई."

"पुड्या किती घेत होतास?" सिस्टर.

पुन्हा माझ्याकडे. "न्हाई घेतल्या."

"काळी संडास?"

"न्हाई, बाई. बाबूला इचारा."

त्याच्या बायकोनं तेवढ्यात तांब्या त्याच्या ओठाला लावला. सिस्टरांनी तो हिसकावून घेतला. ती किंचाळली, "मरणाऱ्याला पाणी बी देईना का गं तू?"

"पाणी पोटात राहणार न्हाई, आतड्यावर सांडंल. थेंब द्यायचा न्हाई." आणि मग माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं : "कुणाला काही ठावं असंल तर आत्ता बोला. उद्या मयतीला येऊन बोलू नका."

"चार," मी म्हणालो. "रोज चार. संक्रांतीपासून. उपाशीपोटी."

"कुणी दिल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

मला वाटलं, आता सिस्टर काहीतरी बोलतील. त्यांनी सलाईनची सुई नीट चिकटवली आणि म्हणाल्या, "सर, नांदेडची चिठ्ठी लिहा."

टँकर गावात रिकामा होऊन परत निघाला होता. सिस्टर रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ड्रायव्हर म्हणाला, "सिस्टर, पुढच्या गावाला माणसं पाण्यासाठी खोळंबलीत." "हा बी पाण्यावाचूनच चाललाय. दार उघड." व्यंकटमामाला त्यांनी केबिनमध्ये घेतलं आणि सलाईनची बाटली हातात धरून नांदेडपर्यंत स्वतः गेल्या. त्याच दुपारी त्याचं पोट उघडलं. छिद्र शिवलं. तो जगला.

तो नांदेडला होता तोवर मी रोज त्याच्या नावापुढे 'हजर' लिहीत राहिलो. आपण प्रायश्चित्त घेतोय असं मला वाटे, आणि ते सोपं होतं. त्याच्या बायकोनं हात जोडून ही गोष्ट सिस्टरांना सांगितली. त्या पहिल्यांदाच कामावर आल्या.

"व्यंकटला हजर मांडता म्हणे?"

"त्याचं घर चालावं म्हणून."

"न् तपासणीत घावलं तर? तुमी म्हणाल, नजरचूक. त्याचं नाव मात्र कायमचं जाईल. ज्या नावापायी तो मरता मरता खोटं बोलला, तेच." त्यांनी टेबलावरचा हजेरीपट माझ्याकडे फिरवला. "कामावर इजा झाली तर इलाज न् अर्धी मजुरी, असा नियम हाय. तो का लावला न्हाई?"

तो नियम आमच्या पंचक्रोशीत दोघांनीच वाचलेला होता, त्यांनी आणि मी. लावायचा तर इजा कशानं झाली ते लिहावं लागतं. म्हणून मी लावला नव्हता. माझ्या दयेत माझी किती सोय होती, हे त्यांना सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दवाखान्यात बोलावून एक पाकीट दिलं. "चिकटवलं न्हाई. वाचा, न् तालुक्याला नेऊन द्या."

आत दोन ओळी होत्या. व्यंकट यास कामावर रोज चार पुड्या उपाशीपोटी देण्यात आल्याने पोटास छिद्र पडून शस्त्रक्रिया करावी लागली. पुड्या हजेरी कारकुनाने दिल्या. खाली दस्तखत. नव्या जिल्ह्यात त्या वर्षी जेवढे कागद निघाले त्यांत विशेषण नसलेला हा एकच असावा.

"हे माझ्याच हाती देता? तुमचा माझ्यावर भरवसा आहे?"

"न्हाई. पण आज तिकडं दुसरं कुणी चाललेलं न्हाई."

एस.टी.त पूर्ण वाटभर ते पाकीट खिशात होतं. वाटेत एक कोरडी नदी लागते, तिच्या पुलावर मी ते बाहेर काढलं, पुन्हा वाचलं आणि पुन्हा आत ठेवलं. कचेरीच्या खिडकीवर दिलं. यथावकाश व्यंकटमामाची अर्धी मजुरी सुरू झाली आणि नाव हजेरीत कायम राहिलं. मला मात्र त्याच दिवशी, त्याच खिडकीवर सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

परतल्यावर मी दवाखान्यात गेलो. बाहेर रांग होती. सिस्टर कुणाच्या तरी पापण्या ओढून बघत होत्या.

"दिलं?"

"दिलं."

"काय म्हणाले?"

"उद्यापासून येऊ नका म्हणाले."

त्यांनी दुसरी पापणी ओढली. "म्हणजे सकाळी रिकामेच का तुमी? मग कामावर जा. व्यंकट पडल्यापासून तुमची पेटी बंद हाय, तर लोक आता बाजारातून पुड्या आणून राहिलेत. भाकरी खाऊन या, पुडी टाकू नका, काळी संडास झाली तर लपवू नका, हे तुमी सांगा. मी सांगितलं तर शिव्या देतेत. तुमचं ऐकतील." आणि मी उभाच आहे असं पाहून : "व्हा बाजूला, उजेड अडतोय."

मी गेलो. हजेरीपट नव्या कारकुनाच्या हातात होता आणि मी ढिगाऱ्याच्या कडेला उभा राहून, व्यंकटमामाचं पोट कुणी फोडलं इथपासून सुरुवात करून, सगळं सांगितलं. कुणाला आवडलं नाही. सुभद्रामावशीनं घण खाली ठेवला, चंची कमरेला घट्ट आवळली आणि म्हणाली, "बाबू, तुमी बी आता त्या बाईसारखंच बोलायला लागलात."

तिनं ती शिवी म्हणूनच दिली होती.